कोकण कशेडीपासून सुरू होत नाही

परवा विरार लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोकणातल्या का हो?" म्हटलं, हो, राजापूर तालुका. मग गाव कुठलं, भावकी कुठली, गणपती किती दिवसांचा, सगळं यथासांग झालं. त्या खेडच्या निघाल्या. "आम्हाला काय, कशेडी घाट उतरला की आलं कोकण," असं म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. नालासोपारा आलं, उतरले. पुलावर गर्दीत चढताना मात्र मनात आलं, मी त्यांना अर्धंच उत्तर दिलं. जिथे उतरले तेही कोकणच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी या किनाऱ्याचं नाव घेतलं असतं तर त्याच्या डोळ्यांसमोर माझं राजापूर नाही, हे सोपारंच आलं असतं.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. लांबेल, पण वाचा.

सध्या मोबाईलवर एक नकाशा फिरतोय. "प्राचीन अपरांत", म्हणजे आपल्या कोकणाचंच जुनं नाव म्हणून, भगव्या रंगात, दमणपासून गोव्यापर्यंत सरळ कापल्यासारखी पट्टी, खाली परशुरामाचं चित्र. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तीन वेळा आला. त्यावर वादही झाला. गोव्याचे म्हणाले आम्ही वेगळे, एकजण म्हणाला अपरांत केरळपर्यंत होता, दुसरा म्हणाला फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्ग. इतकी मंडळी भांडली, पण एकालाही वसई, डहाणू, कल्याण, ठाणे आठवलं नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

आधी नावाचं बघू. अपर म्हणजे पश्चिम. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागे येते ती बाजू. अंत म्हणजे टोक. पश्चिमेचं टोक ते अपरांत. या नावातच कळतं की ते ठेवणारा माणूस इथला नसावा. समुद्राकाठी राहणारा आपल्या घराला "टोक" कशाला म्हणेल? मगधात, अवंतीत बसलेल्याला हा किनारा टोकाचा. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात योन, कंबोज, गंधार अशी नावं येतात आणि मग "आणि जे इतर अपरांत" असा मोघम उल्लेख येतो. तिथे तो एका प्रांताचं नाव घेतोय की पश्चिमेकडच्या सगळ्याच लोकांना एका शब्दात बांधतोय, यावर अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी लिहिलंय. माझ्या मते दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असणार. आपण आजही "घाटावर" म्हणतो तेव्हा सातारा म्हणतो की सोलापूर, ते बोलणाऱ्याच्या तोंडावर बघूनच कळतं.

पण सगळ्यात जीव लावणारा उल्लेख मला सापडला तो अर्थशास्त्रात. कौटिल्य सांगतो, कोठारात एक हात तोंडाचं कुंड ठेवा आणि पाऊस मोजा. मग कुठे किती पडतो त्याचे आकडे देतो. कोरड्या जांगल प्रदेशात 16 द्रोण (द्रोण हे जुनं माप), अश्मकात साडेतेरा, अवंतीत 23. आणि पुढे दोन शब्द, "अमितम् अपरान्तानाम्". अपरांताचा अमित. मोजता न येणारा. सगळ्या देशाचा हिशेब मांडणारा माणूस आपल्या किनाऱ्यापाशी येतो आणि आकडा द्यायचं सोडून देतो! जुलैत चार दिवस धो धो कोसळला की स्टेशनात रुळ दिसेनासे होतात, तेव्हा प्लॅटफॉर्मवर छत्री मिटवत मला हे दोन शब्द हटकून आठवतात. अपरांताची हद्द कोणती असं कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन: मेघ अडवणारा सह्याद्री पाठीशी, समुद्र पुढ्यात, आणि मध्ये हा अमित पाऊस. त्याच ग्रंथात उत्तम सुती कापडाच्या यादीत काशी, कलिंगाबरोबर अपरांताचं कापड आहे, आणि अपरांतातले हत्ती मध्यम प्रतीचे असंही नोंदलंय. हत्ती! आज डहाणूच्या रानात बिबट्या दिसला तरी बातमी होते.

आता विस्ताराचं. नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलाच्या माघारी, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी आजीने कोरून घेतलेला. त्यात गौतमीपुत्राच्या ताब्यातल्या देशांची नावं येतात: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदभ, आकरावंती. म्हणजे तिच्या लेखी सुरठ (सौराष्ट्र) वेगळा, विदर्भ वेगळा, अपरांत वेगळा. इथे तो स्पष्टपणे एक प्रांत आहे. नंतर जुनागढला शक क्षत्रप राजा रुद्रदामन आपल्या यादीत तोच अपरांत आपला म्हणून सांगतो. दोन घराण्यांनी एका किनाऱ्यासाठी झुंज घेतली, कारण जकात तिथल्या बंदरांत होती: सोपारा, कल्याण, चौल. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तिकेत बंदरं याच ओळीने येतात, सुप्पारा, कल्लिएना, सेमुल्ला, आणि मग दक्षिणेकडची.

उलट मार्कंडेय पुराणातली अपरांताची यादी बघा. तिथे शूर्पारकाबरोबर, म्हणजे सोपाऱ्याबरोबर, नाशिक आहे, भडोच आहे, सुराष्ट्र आहे, थेट अबूचा पहाडसुद्धा आहे. कालिदासाचा रघू दिग्विजयात सह्याद्री ओलांडून अपरांत जिंकायला निघतो तेव्हा वाटेत केरळच्या स्त्रियाही येतात आणि त्रिकूट पर्वतही. एकाचा अपरांत उत्तरेला पसरलेला, एकाचा दक्षिणेला. आणि सहाव्या शतकातला वराहमिहिर तर अपरांतक पश्चिमेच्या देशांत घालतो आणि कोंकण दक्षिणेच्या. त्याच्या लेखी ही दोन वेगळीच नावं! मग "अपरांत म्हणजेच कोकण, दमण ते गोवा" अशी भगवी पट्टी ठामपणे रंगवणाऱ्याने यातलं नेमकं काय वाचलं असेल?

मात्र एक गोष्ट बघा. अपरांत लहान धरा, मोठा धरा, उत्तरेला ताणा, दक्षिणेला ताणा, सोपारं कधी त्याच्याबाहेर पडत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने परशुरामाला जागा करून दिली ती "शूर्पारक देश", आणि त्यालाच पुढे "अपरांत महीतल" म्हटलंय. परशुरामाची कथा केरळात गोकर्ण ते कन्याकुमारी अशी सांगतात, गोव्यात त्याचा बाण बाणावलीला पडला म्हणतात, आमच्याकडे चिपळूणजवळ लोट्याच्या डोंगरावर त्याचं देऊळ. मी तिथे लहानपणापासून जाते, तिथली श्रद्धा माझीही आहे. ज्या ज्या किनाऱ्याला समुद्राने जमीन दिल्यासारखी वाटली, त्याने ती कथा आपली केली, आणि त्यात काहीच वावगं नाही. पण महाभारतातल्या या श्लोकात नाव सोपाऱ्याचं आहे. चिपळूण नाही, बाणावली नाही.

पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथातली पुण्ण भिक्षूची गोष्ट तर मी शाळेत मुलांना दर वर्षी सांगत असे. बुद्ध त्याला विचारतात, सूनापरंतातले लोक रागीट आहेत, शिव्या देतील, तेव्हा काय वाटेल? तो म्हणतो, मारत नाहीत, चांगले आहेत. मारलं तर? शस्त्राने मारत नाहीत, चांगले आहेत. असं करत करत प्रश्न जिवापर्यंत येतो, तरी तो ढळत नाही, आणि त्याला जायची परवानगी मिळते. संस्कृत कथेत हाच पुण्ण "पूर्ण" या नावाने येतो आणि तो शूर्पारकातल्या व्यापारी घराचा मुलगा आहे. नालासोपाऱ्याची मुलं ही गोष्ट ऐकून एकदम ताठ बसायची. आपल्या गावाचं नाव पुस्तकात आलं की मुलांचे चेहरे कसे होतात ते शिक्षकांना माहीत आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा लेख, पुन्हा नाशिकचाच, पण उषवदाताचा. नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने काय काय दान केलं ते तो सांगतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट तरी ठेवल्या. तरी म्हणजे होड्या, पलीकडे नेणाऱ्या. नावं वाचा पुन्हा. दमण म्हणजे दमणगंगा. पारादा म्हणजे पार नदी. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. मान्सूनमध्ये या नद्या ओलांडणं म्हणजे काय असतं ते आजही मोखाड्याच्या माणसाला विचारा. आणि पुढे तो सांगतो की नानंगोल गावात नारळीची 32 हजार झाडं दिली, आणि ज्यांना दिली त्यांत सोपाऱ्याच्या रामतीर्थाचे साधूही होते. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचं नारगोळ असं मानतात. आज ते गुजरातेत आहे.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. कारण माझ्या मनात कोकणचं चित्र म्हणजे आजोळची माड-पोफळी, आणि इथे कोकणातल्या माडांची इतकी जुनी नोंद निघाली ती नारगोळची. ज्या भागाला आम्ही राजापूरकरांनी कधी कोकण म्हटलंच नाही त्या भागाची!

मग कोकण हे नाव आपल्याकडे दक्षिणेला सरकलं कधी? इतिहासात तर बराच काळ ते उत्तरेलाही तितकंच घट्ट बसलेलं दिसतं. 634 च्या ऐहोळे लेखात दुसऱ्या पुलकेशीने "कोंकणेषु", म्हणजे कोकणांमध्ये, अनेकवचनात, तिथल्या स्थानिक मौर्य राजांचा पाडाव केला आणि शेकडो नौका घेऊन "पश्चिम समुद्राची लक्ष्मी" असलेली पुरी घेतली. ही पुरी घारापुरी की राजपुरी, वाद आहे, पण दोन्ही उत्तरेकडचीच. पुढे कोकणात शिलाहार राजांची दोन घराणी. उत्तरेचे ठाण्याहून राज्य करणारे, त्यांच्या ताम्रपटात "पुरीप्रमुख चौदाशे गावं". दक्षिणेच्या रट्टराजाचा खारेपाटणचा ताम्रपट शके 930 चा, त्यात मूळ पुरुषाला मिळालेला मुलूख "समुद्र आणि सह्य यांच्या मधला" असा सांगितलाय. इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही. त्याच शतकात अल्बेरुनी हा परदेशी विद्वान लिहितो, कोकणची राजधानी ठाणे. ठाणे! जिथले लोक आज सुट्टी लागली की "कोकणात चाललो" म्हणून गाडीत सामान भरतात.

आणि अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख. मराठीत. "पश्चिम समुद्राधिपती, श्री कोंकण चक्रवर्ती" केशीदेवराय. काही अभ्यासक तो 1012 चा मानतात, काही दोनशे वर्षं पुढे आणतात. साल काहीही निघो, मराठी भाषेच्या जुन्यातल्या जुन्या दगडांपैकी एकावर कोंकण हे नाव आहे आणि तो दगड रायगड जिल्ह्यात आहे. अपरांत हे नाव दुरून बघणाऱ्यांचं वाटतं, कोंकण मात्र इथल्या मराठीत, इथल्या दगडावर आहे. म्हणून मला ते जास्त जवळचं.

नाव सरकलं त्याचं कारण माझ्या मते इतिहासाच्या पुस्तकात नाही, आमच्या घरात आहे. माझे आजोबा गिरणीत होते. लालबागच्या खोलीत बारा माणसं. मे महिन्यात आणि गणपतीला ट्रंका बांधून सगळे गावाला, आधी बोटीने, मग एस्टीने. "कोकणात जायचं" याचा अर्थ मुंबई सोडून खाली जायचं. लाखो चाकरमान्यांनी शंभर वर्षं हेच वाक्य म्हटलं, आणि मुंबई, तिच्या आसपासचं ठाणं, वसई, पनवेल सगळं "कोकण नसलेलं" होऊन गेलं. ज्या जमिनीवर उभं राहून आम्ही कोकणची आठवण काढत होतो तीच जमीन कोकणातून वगळली. यात कोणाचा दोष नाही. घरापासून तुटलेला माणूस घरालाच देश म्हणतो. पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली ती रोह्यापासून खाली मंगळूरकडे, आणि मनातली रेघ आणखी पक्की झाली.

सरकारी कागद मात्र विसरलेला नाही. कोकण विभागात मुंबईचे दोन्ही जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे आहेत. कोकण भवन बेलापूरला आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाची घरं विरारला निघतात. माझ्या भाच्याने अर्ज भरला तेव्हा म्हणाला, "मावशी, विरारचं घर कोकणात कसं?" मी त्याला बसवून ही सगळी कथा सांगितली.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पलीकडे डांगपर्यंत एक आदिवासी समाज राहतो, त्याचं नावच कोकणा. कुंकणा असंही म्हणतात. नाव आपल्या अंगावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जगणारी ही माणसं, आणि "कोकणी माणूस" म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर त्यांच्यातलं कोणीही येत नाही. वसईचे सामवेदी, वाडवळ, डहाणूचे मांगेला, वारली, उरणचे आगरी, कोळी, यांच्या बोलीत, भाताच्या खाचरात, मिठागरात जे कोकण आहे त्याची दखल कोकणच्या गप्पांत कुठे असते? आंबा, काजू, सुरंगी, दशावतार हे सगळं माझं आहे, त्यावर माझा जीव आहे. पण कोकण तेवढंच नाही.

नावातून वगळलं की लक्षातूनही वगळलं जातं, हे मी डोळ्यांनी बघतेय. सोपाऱ्याच्या स्तूपाला गावात बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं. दगडी पेटी निघाली, आत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. सोन्याची फुलं. भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा इथेच मिळाला, आणि 1956 मध्ये नवव्याचा, शेजारच्या भुईगावात. अशोकाने ज्या लोकांना अपरांत म्हटलं, त्यांच्या दारात त्याची आज्ञा दगडावर उभी होती! हे सगळं मुंबईत नीट जपलेलं आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण जिथून निघालं तिथे मी गेल्या वर्षी चुलतभावाच्या मुलांना घेऊन गेले तर रिक्षावाल्याला स्तूप म्हणजे काय ते सांगावं लागलं. बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मारकदगड, आहेत, शिलाहारकाळातल्या जहाजांच्या लढाया त्यांवर कोरलेल्या आहेत, वल्ही मारणारी माणसं अजून मोजता येतात. बोरिवलीत जन्म काढलेल्या माझ्या मैत्रिणीने ते ऐकलेसुद्धा नव्हते. हेच वीरगळ मालवणात असते तर "कोकण दर्शन"च्या प्रत्येक बसने तिथे पाच मिनिटं थांबा घेतला असता.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. अपरांत कुठून कुठपर्यंत यावर भांडू नका, जुन्या ग्रंथांतच एकमत नाही आणि ते असायची गरजही नव्हती. गोव्याच्या, कारवारच्या लोकांना त्यांचं नाव त्यांच्या पद्धतीने सांगू दे. पण उत्तर कोकणला आधी कोकण म्हणा. ठाण्यात राहणाऱ्याने, वसईत वाढलेल्याने, पनवेलच्या नव्या इमारतीत आलेल्याने स्वतःच्या मुलांना सांगावं की आपण कोकणात राहतो. शाळांच्या सहली जशा गणपतीपुळ्याला जातात तशा एक दिवस कान्हेरीला, सोपाऱ्याला, एकसरला, आक्षीला काढाव्यात. बस पुरते, मुक्काम लागत नाही.

येत्या रविवारी सकाळी मी भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन स्तूपावर जाणार आहे. नंतर भुईगावचा किनारा, सुरूच्या सावलीत डबा. नालासोपारा-वसईतल्या कोणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. साडेसातला पश्चिमेला, तिकीटघराच्या बाहेर. पाण्याची बाटली घ्या, ऊन लवकर चढतं.